डाडची शिष्यवृत्ती यादी : फुकट आहे, पण बारकाईने वाचावी लागते

परदेशी शिक्षणासाठी पैसे कसे उभे करावेत, हे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मात्र त्यांतील अनेकांची कमाई विद्यार्थ्याला कोणत्या ना कोणत्या विद्यापीठात पाठवण्यावर अवलंबून असते. माझ्या भाचीला जर्मनीत पाण्याच्या व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. तिला एका सल्ला केंद्राने जी नावे सुचवली, ती जवळजवळ सगळी भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी संस्थांची होती आणि शिष्यवृत्तीचा विषय ‘प्रवेश झाल्यावर बघू’ या एका वाक्यात संपला. त्यानंतर आम्ही जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘डाड’च्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्ती यादीकडे वळलो. हा अभिप्राय त्या यादीविषयी आहे.

डाडची स्थापना १९२५ साली हायडेलबर्गमध्ये झाली आणि आज तिचे मुख्यालय बॉन येथे आहे. यादी पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही. आपण शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत, मूळ देश कोणता आणि विषय कोणता, एवढे भरले की लागू असलेल्या योजना समोर येतात. देशाचा रकाना मोकळा सोडू नये, कारण मग भारतीयांना मुळातच न मिळणाऱ्या योजनाही यादीत मिसळतात. डाडच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांबरोबर इतर संस्थांच्या योजनाही येथे दिसतात. त्यांत राजकीय पक्षांशी जवळीक असलेल्या प्रतिष्ठानांच्या शिष्यवृत्त्याही असतात. मात्र तेथे सामाजिक कार्याचा अनुभव आणि बहुधा चांगले जर्मन लागते.

यादीचे खरे बळ प्रत्येक योजनेच्या आतल्या पानांत आहे. आढावा, पात्रता, अर्जाची पद्धत आणि अर्ज सादर करणे असे विभाग तेथे वेगवेगळे असतात, आणि बहुतेक जण आढावा वाचून थांबतात. भाचीसाठी सर्वांत जुळणारी योजना विकासाशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रमांची, म्हणजे ‘एपॉस’ या नावाने ओळखली जाणारी निघाली. तिचा आढावा वाचताना सगळे सोपे वाटते. पात्रतेच्या विभागात गेल्यावर कळते की पदवीनंतर किमान दोन वर्षांचा संबंधित क्षेत्रातील अनुभव हवा आणि शेवटची पदवी साधारणपणे सहा वर्षांहून जुनी नसावी. म्हणजे ताज्या पदवीधराने येथे वेळ घालवू नये आणि दहा वर्षे नोकरी केलेल्यानेही आशा धरू नये. अर्जाच्या विभागात आणखी एक गोष्ट उमगते : अर्ज डाडकडे पाठवायचा नसून थेट त्या-त्या अभ्यासक्रमाकडे पाठवायचा असतो आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची मुदत वेगळी असते. एकच तारीख डोक्यात धरून बसलेला उमेदवार येथेच बाद होतो.

कागदपत्रांची काटेकोर अपेक्षाही तेथेच लिहिलेली आहे. ‘युरोपास’ या युरोपीय संघाने ठरवलेल्या नमुन्यातील परिचयपत्र आणि मोटिव्हेशन लेटर यांवर हाताने केलेली सही व चालू तारीख हवी. नोकरी देणाऱ्याचे शिफारसपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, सही आणि शिक्क्यासह हवे. आपल्या कार्यालयांना गोल शिक्क्याचे प्रेम असतेच. जर्मनांनाही ते आहे हे पाहून भाचीच्या साहेबांना मोठे समाधान वाटले.

रकमेबाबतही यादी स्पष्ट बोलते. डाडची पदव्युत्तर शिष्यवृत्ती सध्या दरमहा ९९२ युरो आहे. शिवाय आरोग्य व अपघात विमा आणि प्रवासखर्चासाठी रक्कम मिळते. स्वखर्चाने जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँकखात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि त्याला बाराने भागले की नेमका हाच मासिक आकडा येतो. तेव्हा ही शिष्यवृत्ती म्हणजे काटकसरीने राहण्यापुरता खर्च, एवढेच गृहीत धरावे. त्यातून शिल्लक टाकून घरी पैसे पाठवण्याचे मनसुबे रचू नयेत.

माझी मुख्य तक्रार अशी, की ही यादी जर्मनीत मिळणारी सर्वांत मोठी सवलत दाखवत नाही, कारण ती शिष्यवृत्ती या सदरात बसतच नाही. बहुतेक राज्यांतील सार्वजनिक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेतले जात नाही, फक्त सेमिस्टरची ठरावीक वर्गणी भरावी लागते. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, कार्ल्सरुहे ही आपल्याकडची लाडकी नावे त्याच राज्यातली आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क लागू केले आहे. हा भेद पाहण्यासाठी डाडचीच दुसरी, आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांची यादी उघडावी लागते. तेथे प्रत्येक अभ्यासक्रमापुढे शुल्काची नोंद असते. दोन्ही याद्या शेजारी-शेजारी उघडून काम केले तरच हिशेब जुळतो, आणि हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही.

‘डॉइच्लांडश्टिपेंडियम’चेही तसेच आहे. दरमहा ३०० युरोंची ही मदत निम्मी जर्मन केंद्र सरकारकडून आणि निम्मी खासगी देणगीदारांकडून येते आणि तिला राष्ट्रीयत्वाची अट नाही. पण अर्ज आपापल्या विद्यापीठाकडे करायचा असल्यामुळे व्हिसाच्या वेळी ती हिशेबात धरता येत नाही. भारतातून निघताना लागणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राची, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिल्या जाणाऱ्या दाखल्याची, माहितीही वेगळीकडे शोधावी लागते. नोव्हेंबर २०२२ पासून ते सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे आणि मिळायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज शिष्यवृत्तीच्या निकालाची वाट न पाहता केलेला बरा.

बारावीनंतर लगेच जाऊ पाहणाऱ्यांना ही यादी फारशी उपयोगाची नाही, कारण डाडचा भर पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनावर आहे. पदवी व दोन-तीन वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या अभियंत्याला, नियोजनकाराला किंवा सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्याला मात्र मी ती निःशंकपणे सुचवेन. अशा उमेदवाराने प्रवासाच्या निदान सव्वा वर्ष आधी ती उघडावी. एपॉसमधील बऱ्याच अभ्यासक्रमांच्या मुदती आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास संपलेल्या असतात.