बोटाचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाला चालतो का?

कोरोनात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर मराठवाड्यात कितीतरी घरांच्या कपाटात अजून आहे. पावसाळ्यात बाळाला सर्दी-खोकला झाला, छातीत घरघर सुरू झाली की तोच बाहेर निघतो. मोठ्या माणसासाठी उपकरण चांगलं आहे. वर्षाच्या आतल्या बाळासाठी मात्र तो घेऊ नका, आणि घरात असेल तर त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

अडचण त्याच्या रचनेतच आहे. चिमट्याच्या एका बाजूने लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश निघतो, बोटातून आरपार जातो आणि समोरच्या सेन्सरवर पडतो. तान्ह्याचं बोट तिथवर पोचतच नाही, प्रकाश बाजूने निसटतो. मग आकडा येत नाही, नाहीतर ८२, ९७, ८८ असा उड्या मारतो. त्यातला ९७ पाहून घरचे निर्धास्त होतात, हा खरा धोका. बाळाच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजा. ते यंत्रावरच्या नाडीशी जुळत नसतील तर ऑक्सिजनचा आकडाही धरायचा नाही. बाळ निपचित पडलं असेल तर मोजत न बसता थेट दवाखाना गाठा.

तान्ह्यासाठी योग्य यंत्र वेगळं असतं: हातात धरायचं, वायर असलेलं, पट्टीसारखा प्रोब (दिवा आणि सेन्सर असलेला भाग) पावलाला गुंडाळायचं. किंमत चिमट्याच्या काही पट. पट्टी करंगळीखाली, पावलाच्या बाहेरच्या कडेला लावतात. दिवा आणि सेन्सर बरोबर समोरासमोर यायला हवेत, इथेच बहुतेक जण चुकतात. पट्टी आवळू नका, रक्त अडलं की आकडा खोटा येतो. पाऊल गार असेल तर आधी हातात धरून ऊब द्या. वरून पायमोजा चढवा म्हणजे बाहेरचा उजेड शिरत नाही. बाळ शांत असताना आकडा मिनिटभर स्थिर राहिला तरच तो मोजलेला समजा. घेताना प्रोब सुटा मिळतो का ते दुकानदाराला आधी विचारा, कारण यंत्राआधी प्रोबच खराब होतो; वायर जोडापाशी तुटते. वापर नसताना सेल काढून ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पाझरतात.

एवढं करूनही यंत्राला एक गोष्ट दिसत नाही: बाळाला श्वासासाठी किती झगडावं लागतंय. आरएसव्हीसारख्या विषाणूने बारीक श्वासनळ्या सुजून चिकटा साचला की बाळ श्वासाचा वेग वाढवून ऑक्सिजन टिकवून धरतं. ते थकलं की आकडा घसरतो, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून बाळ झोपलेलं असताना पोटावरचं कापड बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पोट उडतंय, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, बाळ कण्हतंय, अंगावर दूध ओढत नाही, ओठ निळसर दिसतात, श्वास मधेच थांबतो, यातलं काहीही दिसलं तर ९६ आकडा असला तरी निघा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. जन्मतः हृदयाचा दोष नसलेल्या बाळाचा आकडा ९० च्या खाली टिकून राहिला तर बाळ कसंही दिसो, ऑक्सिजन लागणार. दुखणं बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात वाढतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या आकड्यावर समाधान मानू नका.

मग पट्टीवालं यंत्र घ्यावं कुणी? सरसकट कुणी नाही. दिवस भरण्याआधी, विशेषतः ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेलं, एसएनसीयूमधून (सरकारी रुग्णालयातला आजारी नवजात बाळांचा कक्ष) ऑक्सिजनवर राहून घरी आलेलं, जन्मतः हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार, डाऊन सिंड्रोम किंवा स्नायूंचा अशक्तपणा असलेलं बाळ घरात असेल, आणि छत्रपती संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय तास-दीड तासावर असेल, तर पैसे सार्थकी लागतील. हृदयाच्या काही दोषांत ऑक्सिजन एरवीही कमीच असतो. अशा बाळाचा नेहमीचा आकडा किती आणि कितीवर निघायचं, हे डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.

बाकी घरांनी तो खर्च चूल बाळाच्या खोलीबाहेर हलवण्यावर करावा. तान्हं वय, कमी वजन, अंगावरचं दूध सुटलेलं, घरात बिडी किंवा चुलीचा धूर, एका खोलीत सात-आठ माणसं, शाळेतून सर्दी आणणारं मोठं भावंड, यांनी साधी सर्दी छातीत उतरण्याची शक्यता वाढते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, यातलं बरंच एकदम असतं. तिथे बाळाचं अंथरूण चुलीपासून दूर, वाऱ्याने धूर येणार नाही अशा अंगाला असावं, आणि आशाताईंकडून श्वास मोजायला शिकून घेतलेली आई कुठल्याही चिमट्यापेक्षा जास्त भरवशाची आहे.

दुकानात ऑक्सिमीटरबरोबर नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्रही गळ्यात मारतात. विषाणूमुळे पहिल्यांदाच घरघरणाऱ्या तान्ह्याला साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या रुंद करणाऱ्या औषधाच्या वाफेचा सहसा उपयोग होत नाही, उलट धडधड वाढते. त्याऐवजी दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे एक-दोन थेंब टाका, दूध थोडं थोडं, जास्त वेळा पाजा.