जेरुसलेम एक दिवसाची ग्रुप टूर: गाइड भारी, वेळ कमी

ग्रुपमध्ये बहुतेक दादर-ठाण्याची मंडळी. जाफा गेटमधून आत शिरलो, जुनं शहर जेमतेम एक चौरस किलोमीटर पण चारही मोहल्ले फिरेपर्यंत पायाचे तुकडे पडतात, फरशा घासून गुळगुळीत झाल्यात त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनी ग्रिपचे शूज घालाच. गाइड एक नंबर! तटबंदी 16व्या शतकात ऑटोमन सुलतान सुलेमानने बांधली वगैरे नीट सांगितलं. होली सेपल्कर चर्चच्या (येशूची कबर इथेच होती असं मानतात) खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे, 18व्या शतकापासून तिथेच, कारण चर्च वाटून घेतलेल्या सगळ्या ख्रिस्ती पंथांचं एकमत झाल्याशिवाय काही हलवायचंच नाही (आमच्या सोसायटीची मीटिंग बरी म्हणायची). वेस्टर्न वॉलला (ज्यूंची पवित्र भिंत) मात्र फोटोपुरताच वेळ दिला, आणि नंतर सुवेनियरच्या दुकानात तासभर बसवलं, हे काय पटलं नाही. जेवणात फलाफल-हमस, व्हेजवाल्यांची चैन.