धोम, मेणवली, वाई: कृष्णेचं खोरं नदीच्या पातळीवरून

पुण्या-मुंबईहून पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या बहुतेक गाड्या वाईत चहापुरत्या थांबतात आणि पसरणी घाट चढायला लागतात. मग वर सिडने पॉइंटवरून धोम धरणाचं निळं पाणी दिसतं, दोन फोटो निघतात आणि खोरं ‘पाहून’ होतं. त्या फोटोत जे ठिपक्याएवढं दिसतं, तिथेच खरा ऐवज आहे. धोम ते वाई या आठेक किलोमीटरच्या पट्ट्यात एक विलक्षण नंदी, एक सहाचौकी वाडा, पोर्तुगीज घंटा आणि सात घाटांचं गाव आहे. यासाठी एक पूर्ण दिवस द्यावा. वरच्या पठारासाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ पुरते.

पुण्याहून सुमारे 90 किलोमीटर. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढून उतरायचा आणि सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. शनिवारी सकाळी आठनंतर खंबाटकीत एक ट्रक बंद पडला की तासभर मोडतो, म्हणून पुणं सहाच्या आत सोडावं. वाटेत खेड शिवापूरचा टोल लागतो. आनेवाडीचा नाका सुरूरच्या पुढे, साताऱ्याच्या बाजूला आहे, त्यामुळे तो लागत नाही. सुरूर ते वाई रस्त्यावर जुन्या वडांची रांग आहे. पारंब्या रस्त्यावर लोंबतात, तेव्हा उंच टपाची गाडी असेल तर जरा मधून चालवा.

गाडी नसेल तर स्वारगेटहून वाईची एसटी धरा. महिलांना तिकीट अर्धं आणि 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट. वृद्धांनी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड सोबत ठेवावं. रेल्वेने यायचं तर जवळचं स्टेशन वाठार, पण तिथून पुन्हा तीसेक किलोमीटर रस्ता, त्यामुळे त्या वाटेला न गेलेलंच बरं. वाईतून मेणवली, धोमला रिक्षा मिळते. भाडं ठरवताना जाणं-येणं आणि थांबायचा वेळ एकदमच ठरवा. धोमहून परतीची रिक्षा आयती मिळेल या भरवशावर राहू नका.

क्रम मात्र उलटा ठेवा. आधी सगळ्यात लांबचं धोम, मग मेणवली आणि शेवटी वाईचे घाट. कारण साधं आहे. तिन्ही ठिकाणी चपला काढून काळ्या दगडावर चालायचं असतं. मार्चनंतर अकरा वाजल्यापासून बेसॉल्टची फरशी इतकी तापते, की लहान मुलं रडायला लागतात आणि मोठे पाहायचं सोडून सावली शोधतात. जाड मोजे जवळ ठेवले तर फार सोय होते. वाईचा घाट तर संध्याकाळचाच. दगड निवलेला असतो, दिवे लागतात आणि गावातली माणसं पायऱ्यांवर येऊन बसतात.

धोम वाईपासून आठ किलोमीटरवर आहे. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाला हे नाव पडलं असं सांगतात. इथे नरसिंहाचं आणि शंकराचं अशी दोन देवळं एकाच आवारात आहेत. शंकराच्या देवळासमोरचा नंदी पाहण्यासाठी एवढ्या लांब यावं. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्याच्या मधोमध दगडी कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. कुंडाच्या काठाला पाकळ्या कोरल्या आहेत. कुंडात पाणी असलं की कासव पोहतंय आणि पाठीवरून नंदीला घेऊन चाललंय असं वाटतं. सगळी रचना पाण्यासाठी आहे, म्हणून कुंड कोरडं असताना पाहिलं तर निम्मी गंमत जाते. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत यावं, उन्हाळ्यात पाण्याची खात्री नाही. उभ्याने पाहू नका. काठावर खाली बसा, म्हणजे नजर पाण्याच्या पातळीला येते आणि कासवाची मान वर उचललेली दिसते. कुंडात नाणी, फुलं, निर्माल्य टाकू नका. साचलेलं पाणी लगेच हिरवं पडतं आणि मग खालचं कासव दिसतच नाही.

धोम धरण गावाच्या वरच्या अंगाला आहे, साठवण साडेतेरा टीएमसी. भिंतीवर सरसकट कुणालाही सोडत नाहीत, त्यामुळे त्यासाठी वाट वाकडी करू नका. जलाशय पाहायचा असेल तर काठाच्या रस्त्याने थोडं पुढे जा. समोर कमळगडाची डोंगररांग उभी दिसते. तिच्या एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वाळकी. कमळगडाच्या माथ्यावर दगड खोल चिरत गेलेली कावेची, म्हणजे तांबड्या मातीची, विहीर आहे. पायऱ्यांनी आत उतरलं की भिंती लालभडक आणि हाताला ओलसर गार लागतात. पण गड हा स्वतंत्र दिवसाचा विषय आहे. वासोळ्याकडून चढायला लागायचं आणि सोबत वाटाड्या घ्यायचा, कारण रानात वाटा फुटतात. देवळांच्या दिवसात त्याला कोंबू नये.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणवीसांनी 1780 च्या सुमारास इथे वाडा बांधला. सहा चौक, जाड भिंती, सागवानी खांब, काही दालनांत भिंतीवरची जुनी चित्रं. नानांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, तो याच गावचा. वाडा खाजगी मालकीचा आहे, हे लक्षात ठेवून वागा. किती भाग उघडा आहे, फोटो चालतात का, हे दारातच विचारा. माडीच्या जुन्या लाकडी जिन्यांवर एका वेळी चार-पाच जणांहून जास्त चढू नका. भिंतीवरच्या चित्रांना बोट लावू नका. हाताचा घाम आणि तेल त्या रंगाला खातं.

वाड्यामागे नदीवरचा घाट. अर्धचंद्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्या, वर मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. घाट म्हणून बांधणीत हा खोऱ्यातला सर्वांत देखणा, असं बेलाशक म्हणता येईल. पायऱ्यांची रुंदी अशी काढली आहे, की कपडे धुणाऱ्या बाईला बसायला जागा होते आणि मागच्याला उतरायला वाटही राहते. देवळांजवळ छोट्या दगडी घुमटीत घंटा टांगलेली आहे. पुष्कळ जण ती वाजवून पुढे निघतात. जरा थांबून तिच्या अंगावर पाहा. मेरी आणि बाळ येशूची उठावदार आकृती आणि 1707 हे साल ओतीवात उमटलं आहे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयखूण म्हणून आणल्या, त्यातली ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटाही तिच्याच जातीची. आकृती नीट दिसायला मोबाइलची बॅटरी समोरून मारू नका. बाजूने तिरपी धरा, म्हणजे उठाव सावलीतून स्पष्ट दिसतो.

मेणवलीचा एक त्रास आधीच सांगायला हवा. हिंदी-मराठी चित्रीकरणं आणि लग्नाआधीच्या फोटोंमुळे घाटाला मागणी फार आहे. चित्रीकरण असलं तर घाटाचा मोठा भाग अडवला जातो. मंगळवार, बुधवारसारखा मधला दिवस आणि सकाळची वेळ निवडली तर ही अडचण सहसा येत नाही.

दुपारचं जेवण वाईतच करा, धोम-मेणवलीत धड सोय नाही. साधी थाळी, पिठलं-भाकरी, मिसळ या गोष्टी बाजारपेठेत बऱ्या मिळतात. पाचगणी रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत रविवारी दुपारी ताटकळण्यापेक्षा गावातली खानावळ चांगली.

वाईचे घाट सात: भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह, ब्राह्मणशाही. बहुतेक लोक फक्त गणपती घाट पाहून परततात. तो पाहावाच. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. एका काळ्या दगडातली भव्य मूर्ती आहे. दर्शन झालं की बाहेर येऊन देवळाच्या मागच्या बाजूला जा. तिकडची भिंत सपाट नाही. माशाच्या आकारासारखी निमुळती होत जाते आणि पुढे धार निघते. देऊळ थेट नदीच्या पात्रालगत आहे. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं असतं तर सगळा जोर तिनेच सोसला असता. या धारेवर ते दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी वाहून जातं. अडीचशेहून अधिक वर्षांचे पूर देवळाने असे झेलले आहेत. कारागिरी बघायची तर वाईत इथे बघा. शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ 1757 चं, तेही रास्त्यांचंच. त्याचा नंदी आणि दीपमाळा पाहून घ्या. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, रांग घाटावर येते. त्या दिवशी निवांत काही पाहायचं तर पहाटेच यायला हवं.

गणपती आळीतून पुढे गंगापुरीपर्यंत पायी जा. अंतर थोडं आहे, गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी आत घालाल तर वळवायला जागा मिळत नाही. गाडी बाजाराच्या बाजूलाच ठेवा. याच गावात प्राज्ञपाठशाळा उभी राहिली आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम इथूनच चालवलं. घाटावर बसल्यावर हे गाव ‘दक्षिण काशी’ का म्हणवतं ते कळतं. माघ-फाल्गुनात आलात तर कृष्णाबाईचा उत्सव मिळेल. घाटाघाटाचा उत्सव आळीपाळीने होतो, त्यामुळे महिनाभरात केव्हाही आलात तरी कुठल्या ना कुठल्या घाटावर मांडव असतोच.

नदीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. वाईच्या घाटांवरचं पाणी आंघोळीला घेऊ नये, तीर्थ म्हणून तोंडात तर मुळीच नको. गावाचं सांडपाणी नदीत येतं, उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो आणि शेवाळ-जलपर्णी साचते. एवढे सुंदर घाट असलेल्या गावात पाण्याला वास यावा ही फार वाईट गोष्ट आहे आणि खोऱ्याच्या अनुभवातली सर्वांत मोठी उणीव हीच. पाण्यालगतच्या खालच्या दोन-तीन पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. घसरण्याचे प्रकार तिथेच होतात. मुलांना त्यांच्या वरच थांबवा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट फसवते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने तीसेक किलोमीटरवरची वाई पर्जन्यछायेत येते आणि तिथे त्याच्या पावपटही पडत नाही. त्यामुळे वाईत ऊन पडलेलं असताना नदी चढू शकते. वर मुसळधार झाली, धरण भरत आलं आणि विसर्ग सुरू झाला, की घाटाच्या पायऱ्या एकामागून एक पाण्याखाली जातात. आभाळ पाहून ठरवू नका. जुलै ते सप्टेंबरात निघण्याआधी धोमच्या विसर्गाची बातमी पाहा आणि विसर्ग चालू असेल तर पायऱ्यांवर उतरू नका.

दोन तारखा टाळाव्यात किंवा मुद्दाम साधाव्यात. पौष पौर्णिमेला मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा असते, तेव्हा वाईचे रस्ते तुंबतात. रंगपंचमीला बावधनचं बगाड निघतं. प्रचंड लाकडी गाडा, त्याच्या उंच शिडाला बांधलेला माणूस, म्हणजे बगाड्या, आणि ओढायला बैलांच्या जोड्या. ते पाहायचं असेल तर गाडी वाईतच सोडून चालत जा. देवळं पाहायची असतील तर तो दिवस सोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पसरणी घाट. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. घाटात माकडं आहेत, काचा बंद ठेवा. सिडने पॉइंटला सकाळी नवाच्या आत पोचा. नंतर खोऱ्यात धुरकट होतं आणि धोमचं पाणी पांढुरकं दिसतं. आदल्या दिवशी पायाखाली घातलेला सगळा पट्टा आता वरून ओळखता येतो, आणि इथे उभं राहण्याला खरा अर्थ येतो. पाचगणीच्या टेबललँड पठारावर घोड्यांची गर्दी आणि धूळ, वेळ कमी असेल तर गाळा. त्याऐवजी क्षेत्र महाबळेश्वरला जा. पंचगंगा मंदिरात रांग असेलच, पण थोड्याच अंतरावरचं जुनं दगडी कृष्णाबाई मंदिर बहुतेकांच्या यादीत नसतं. गोमुखातून पडणारी धार कुंडात येते आणि समोर खाली कृष्णेचं अख्खं खोरं उघडतं. जमीन ओली आणि शेवाळलेली असते, पकड असलेली पादत्राणं घाला. केट्स पॉइंटवरून धोम आणि बलकवडी दोन्ही धरणांचं पाणी दिसतं.

खरेदीत हळद वाईच्या बाजारातून घ्या, शक्यतो अख्खी हळकुंडं. भौगोलिक मानांकन असलेली ‘वायगाव हळद’ ही वर्धा जिल्ह्यातली. नावाच्या सारखेपणामुळे गल्लत होते, वाईच्या हळदीला ते नाव लावून कुणी सांगितलं तर समजून घ्या. स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च चांगली. खोका उलटा करून खालचा थर पाहा, रस सुटलेला दिसला तर घेऊ नका. घरी पोचेपर्यंत धुऊ नका आणि डिकीत ठेवू नका, तिथे उष्णतेने तासा-दोन तासांत मऊ पडते. मागच्या सीटखाली, सावलीत ठेवली की टिकते.

उतरताना रविवारी दुपारी चारनंतर पसरणी घाटात गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून वास येतो, दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. दोनच्या आत उतरलात आणि साताऱ्याकडून जाणार असाल, तर लिंबची बारा मोटांची विहीर हातासरशी होते. विरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात बांधलेली, खोली 110 फूट, व्यास 50 फूट. विहिरीच्या पोटातच कोरीव खांबांचा छोटा महाल आहे. आत अंधार असतो, टॉर्च लागतो, आणि मोटांच्या जागी कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका.

लहान मुलं आणि गुडघे दुखणारी माणसं सोबत असतील तर धोम आणि गणपती घाट एवढंच करा, मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या सोडा. बाकी सगळ्यांनी तिन्ही करावं आणि वाईतच मुक्काम ठेवावा. खोल्या पाचगणीपेक्षा स्वस्त पडतात आणि पहाटेचा घाट फुकट मिळतो.