हेलिओस 44-2 : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

हेलिओस 44-2 या सोव्हिएत लेन्सविषयी जे काही सांगितले आणि दाखवले जाते, ते बहुतेक सगळे पार्श्वभूमीतील त्या प्रसिद्ध भोवऱ्याशी (चेहऱ्यामागची पाने-उजेड गरगरल्यासारखे दिसण्याशी) सुरू होते आणि तिथेच संपते. मीही ती त्याच आकर्षणाने घेतली. गेल्या दिवाळीच्या सुमारास आलेली ही लेन्स आता पावसाळा सरत आला तरी माझ्या फुल फ्रेम (जुन्या 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर बहुतेक वेळ बसलेली असते. मात्र त्याचे कारण भोवरा हे नाही, आणि ज्यांना निव्वळ त्यासाठीच ती घ्यायची आहे, त्यांनी पैसे देण्यापूर्वी पुढचे वाचावे.

या लेन्सचे मूळ जर्मनीत आहे. येना येथील कार्ल झाइसमध्ये विली मेर्टे यांनी रचलेली 58 मिमी एफ/2 बायोटार ही तिची पूर्वज. दुसऱ्या महायुद्धानंतर येना सोव्हिएत ताब्यातील प्रदेशात गेले, तेथील यंत्रसामग्री आणि आराखडे भरपाई म्हणून सोव्हिएत संघात नेले गेले, आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्यात हीच रचना स्थानिक काचेला जुळवून घेऊन नव्याने बनू लागली. सुरुवातीला तिचे नाव ‘बीटीके’, म्हणजे क्रास्नोगोर्स्कची बायोटार, असे होते. हेलिओस 44 हे नाव नंतरचे. पुढे मिन्स्क आणि वल्दाई येथील कारखान्यांतूनही ती निघाली. झेनिट-ई या कॅमेऱ्याबरोबर 44-2 सर्रास दिली जात असे, आणि तो एकच कॅमेरा 30 लाखांहून अधिक बनला, त्यामुळे इतक्या वर्षांनंतरही ही लेन्स दुर्मीळ झालेली नाही. मला ती एका नव्या साध्या 50 मिमी ऑटोफोकस लेन्सपेक्षा कमी किमतीत मिळाली. तिच्यावरील क्रमांक 81 या आकड्यांनी सुरू होतो; हे पहिले दोन आकडे निर्मितीचे वर्ष सांगतात, आणि शेजारी प्रिझममधून जाणाऱ्या किरणाचे चिन्ह असेल तर ती प्रत क्रास्नोगोर्स्कची समजावी.

हातात घेतल्यावर पहिली ओळख होते ती दोन रिंगांची. ॲपर्चरसाठी, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्रासाठी (एफचा आकडा लहान तेवढे ते मोठे), एक रिंग पुरेशी असताना येथे दोन आहेत, आणि त्यामागे कारण आहे. झेनिट-ईमध्ये शटर दाबताना ॲपर्चर आपोआप बंद करणारी यंत्रणा नव्हती. तेव्हा पहिल्या रिंगने मर्यादा ठरवायची, समजा 5.6, दुसरी रिंग मोकळी फिरते, तिच्या एका टोकाला पूर्ण उघडे एफ/2 आणि दुसऱ्या टोकाला आपण ठरवलेले 5.6, त्यापुढे ती जातच नाही. उजेडात फोकस करायचा, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता रिंग अडेपर्यंत फिरवायची आणि फोटो घ्यायचा. हा सगळा खटाटोप जुन्या कॅमेऱ्याच्या उणिवेतून जन्मलेला असला तरी मिररलेसवर तो मला फार सोयीचा वाटतो. ॲपर्चर हाताने आणि सलग बंद होताना पार्श्वभूमीचे काय होते आहे ते समोर दिसत राहते, आणि 2.8 व 4 यांच्या मधली, कोणत्याही खाचेत न बसणारी जागाही निवडता येते. व्हिडिओ घेणाऱ्यांना याचा उपयोग वेगळा सांगायला नको. ॲपर्चर बदलताना टक्कन आवाज होत नाही आणि उजेड पायऱ्यापायऱ्यांनी उडी मारत नाही. त्रास एवढाच की हूड (तिरपे ऊन अडवणारी पुढची नळी) काढता-घालताना बोटे या रिंगांवर पडतात आणि ठरवलेली मर्यादा नकळत सरकते. उन्हातून सावलीत आल्यावर फोटो अनपेक्षितपणे काळे येऊ लागले, की मी आधी तीच रिंग पाहतो.

आता भोवऱ्याकडे. तो कोणत्याही जादूमुळे पडत नाही, तर दोषामुळे पडतो. लेन्स पूर्ण उघडी असताना चौकटीच्या कडेला जाणारा तिरपा प्रकाश पुढच्या आणि मागच्या काचेच्या कडांमध्ये अडकून कापला जातो, त्यामुळे फोकसबाहेरील ठिपके मध्यभागी गोल असले तरी कडेला लिंबाच्या आकाराचे होतात. या सगळ्या लिंबांची लांबट बाजू केंद्राभोवती वर्तुळाकार मांडली जाते, आणि डोळ्यांना पार्श्वभूमी गरगरल्याचा भास होतो. त्यात चौकटीच्या बाहेरच्या भागातील ॲस्टिग्मॅटिझमची, म्हणजे केंद्राकडे जाणाऱ्या आणि केंद्राभोवतीच्या रेषा वेगवेगळ्या अंतरावर स्पष्ट होण्याच्या दोषाची, भर पडते. ॲपर्चर 4 वर आणले की पात्यांनी बनलेले छिद्र त्या कापलेल्या भागाहून लहान होते आणि भोवरा जवळजवळ नाहीसा होतो. फुल फ्रेमहून लहान अशा एपीएस-सी (क्रॉप) सेन्सरवर तर चौकटीचा कडेचा भागच कापला जातो. तिथे ही लेन्स 87 मिमीसारखी वागते आणि भोवरा नावापुरता उरतो. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असलेल्यांची निराशा बहुधा यातूनच होते.

फुल फ्रेमवरही तो मागून मिळत नाही, त्याची मांडणी करावी लागते. माणूस साधारण दीड-दोन मीटरवर हवा, पार्श्वभूमी त्याच्या मागे पाच-सहा मीटर हवी, आणि त्या पार्श्वभूमीत उजेडाचे बारीक, विखुरलेले तुकडे हवेत. सपाट भिंत, मोकळे आकाश किंवा केळीची मोठी पाने यांच्यासमोर ही लेन्स इतर कुठल्याही लेन्ससारखीच वागते. मला सर्वांत खात्रीचे झाड आढळले ते चिंचेचे. चिंचेची पानेच इतकी बारीक आणि त्यांच्या मधली आकाशाची छिद्रे इतकी पुष्कळ, की सकाळी नऊच्या सुमारास फांद्यांच्या आतून बाहेर पाहत एफ/2 वर चौकट लावली, तर प्रत्येक छिद्राचा एक लिंबोळा होतो आणि शेकडो लिंबोळे मधल्या चेहऱ्याभोवती फेर धरतात. कडुनिंब त्याखालोखाल. आंबा आणि फणस यांच्याकडून काही मिळत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळेसमोरही हे रूप छान दिसले, फक्त तिथे चौकटीच्या मध्यभागी ठेवलेला माणूस स्थिर उभा राहील याची आधी तजवीज करावी लागते, कारण भोवऱ्यासाठी विषय मध्यभागी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

हीच त्याची अडचणही आहे. विषय मध्यभागी, मागे पाने, भोवती गोल: पहिल्या काही आठवड्यांतील माझे फोटो आता एका रांगेत लावले तर माणसे बदललेली दिसतात आणि चित्र एकच. प्रत्येक फोटोत लेन्स स्वतःकडे लक्ष वेधून घेते आणि चेहरा मागे पडतो. अशा फोटोंचे कौतुक पहिल्यांदा होते, तिसऱ्यांदा कोणी ‘पुन्हा तेच का?’ असे विचारते, आणि ते रास्त असते.

ही लेन्स माझ्याकडे टिकली ती 2.8 ते 4 या टप्प्यातील तिच्या वागण्यामुळे. एफ/2 वर मध्यभागी तपशील असतो, पण त्यावर एक पातळ धूसर थर असतो आणि कॉन्ट्रास्ट कमी असतो, 2.8 वर तो थर विरतो. 4 वर मध्यभाग आजच्या लेन्सच्या शेजारी ठेवावा इतका चांगला होतो, आणि कडा मात्र थोड्या मऊच राहतात. या टप्प्यात चेहऱ्याचे कातडे फार देखणे उतरते. सुरकुत्या पुसल्या जात नाहीत, पण आधुनिक लेन्स त्यांना जशी धार लावते तशी धार इथे येत नाही. घरातील एका वृद्ध नातलग स्त्रीचा खिडकीच्या उजेडातील फोटो मी दोन्ही लेन्सनी घेतला होता. आधुनिक लेन्सच्या फोटोत गालावरचे रंध्र न् रंध्र मोजता येते, हेलिओसच्या फोटोत नऊवारीच्या काठाची वीण स्पष्ट आहे आणि चेहरा त्यांचा त्यांना ओळखू येईल असा आहे. त्यांनी फ्रेम करायला हेलिओसचा निवडला. 58 मिमी हे अंतरही यात मदत करते, 50 पेक्षा किंचितच अरुंद असल्याने लहान खोलीतही भिंतीला पाठ न टेकवता अर्ध्या अंगाची चौकट बसते.

उन्हाबाबत मात्र तक्रार आहे. काचेवरील, परावर्तन कमी करणारा लेप एकथरी आहे, आणि सूर्य चौकटीच्या जरासा बाहेर असला तरी संपूर्ण चित्रावर दुधाळ पडदा येतो, कधी खालच्या कोपऱ्यात इंद्रधनुषी कमान उमटते. काहींना हे आवडते. संध्याकाळच्या पाठमोऱ्या उजेडात मलाही कधीकधी आवडते. पण एप्रिलच्या दुपारी लग्नमंडपाबाहेर घेतलेल्या फोटोंत काळा रंग राखाडी झालेला पाहून समाधान होत नाही. 49 मिमीचा स्क्रूने बसणारा धातूचा हूड घेतला तेव्हापासून निम्मा त्रास कमी झाला. उरलेल्यापैकी बराचसा दोष लेन्सचा नव्हताच. लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा ॲडॉप्टर आतून चकचकीत होता, त्यात काळा मखमली कागद चिकटवल्यावर कॉन्ट्रास्टमध्ये डोळ्यांना दिसेल इतका फरक पडला.

ॲडॉप्टरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. या लेन्सच्या एम42 माउंटवर, म्हणजे स्क्रूने बसणाऱ्या जोडणीवर, लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंतचे अंतर 45.46 मिमी असते. सोनी ई माउंटचे अंतर 18 मिमी आहे, त्यामुळे मधली जागा साध्या धातूच्या नळीने भरून निघते आणि काचेची गरज पडत नाही. कॅननच्या ईएफ माउंटवरही, 44 मिमी असल्यामुळे, पातळ रिंग पुरते. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) मात्र हे अंतर 46.5 मिमी आहे, म्हणजे लेन्स हवी त्याहून पुढे बसते आणि दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही; मध्ये काच असलेला ॲडॉप्टर घेतला तर तो दर्जा खालावतो. ज्यांच्याकडे निकॉनचा जुना डीएसएलआर आहे त्यांनी या लेन्सच्या वाटेला न गेलेले बरे. स्वस्त ॲडॉप्टर बहुधा किंचित आखूड केलेले असतात, त्यामुळे अनंताची खूण येण्याआधीच दूरचे दृश्य स्पष्ट होते आणि लेन्सवरील मीटरच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. कॅमेऱ्यात लेन्सविना शटर चालू देण्याची सेटिंग आधी करून घ्यावी आणि हाताचा कंप सावरणाऱ्या स्थिरीकरणासाठी 58 हा आकडा हाताने भरावा, एवढी तयारी पुरे.

फोकस हाताने करायचा म्हणजे किती अवघड, हा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला. एक मीटरवर एफ/2 ला स्पष्ट भागाची खोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, आणि अर्ध्या मीटरवर, म्हणजे ही लेन्स जितक्या जवळ जाऊ शकते तिथे, ती एक सेंटिमीटरही नसते. नाकाचा शेंडा साधला तर डोळे गेले. फोकस पीकिंगचे, म्हणजे स्पष्ट भागावर कॅमेरा दाखवतो ते, रंगीत ठिपके एफ/2 वर फसवतात, कारण कमी कॉन्ट्रास्टमुळे ते डोळ्याच्या पुढच्या-मागच्या भागावरही उमटतात. त्यापेक्षा चित्र मोठे करून पापणीच्या केसांवर फोकस करावा आणि शेवटचा फरक रिंगेने न साधता अंग किंचित पुढे-मागे झुकवून साधावा. फोकस रिंगचा फेरा लांब असल्याने बसलेल्या माणसासाठी ती अतिशय नेमकी आहे, आणि त्याच कारणाने धावणाऱ्या मुलासाठी निरुपयोगी आहे. मुलांसाठी मी 5.6 वर ठेवून अंतर आधीच ठरवतो आणि ती त्या अंतरात येण्याची वाट पाहतो.

माझ्या प्रतीचे ग्रीस जुने झाले होते आणि थंडीतल्या सकाळी रिंग अर्ध्यावर अडे. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने जुने ग्रीस पूर्ण काढून नवे भरून दिले आणि आता ती एका बोटाने फिरते. हे काम घरी करू पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की फोकसच्या पेचाला अनेक तोंडे असतात. दोन भाग नेमके कुठे सुटले याची खूण केली नाही तर ते पुन्हा चुकीच्या तोंडाला बसतात आणि लेन्स अनंतावर पोहोचत नाही.

विकत घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून सोडून पुढून पाहावे. धुळीचे चार कण महत्त्वाचे नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई आणि कोकणात, ती थांबत नाही. ॲपर्चरच्या आठ पात्यांवर तेलाची चमक दिसली तरी लगेच नाकारू नये. कॅमेऱ्याने दाबलेल्या पिनने ॲपर्चर चालणाऱ्या नंतरच्या लेन्समध्ये तेलामुळे पाती चिकटून आळसावतात, पण इथे ती हातानेच फिरत असल्याने काम अडत नाही, फक्त ते तेल काचेपर्यंत पोहोचलेले नसावे. घरी आणल्यावर तिला कातडी केसमध्ये ठेवू नये, कारण जुने कातडे ओल धरते. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक, आकडा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान, असे मी जूनपासून केले आहे आणि काच अजून स्वच्छ आहे.

पुढच्या 44एम मालिकेत कॅमेरा लेन्सच्या मागची पिन दाबून ॲपर्चर चालवतो, आणि 44एम-4 पासून पाती आठाऐवजी सहा झाली, त्यामुळे 4 वरचे ठिपके ठळक षटकोनी दिसतात. बहुस्तरी लेप असलेल्या प्रती उन्हात नक्कीच सरस आहेत, आणि ज्यांना मुख्यतः बाहेर, दुपारी काम करायचे आहे त्यांनी त्याच पाहाव्यात. 44-2 च्या दोन रिंगा आणि आठ पाती हव्या असूनही बहुस्तरी लेप हवा असेल तर मिन्स्कची 44-3 शोधावी. ती कमी मिळते आणि महाग असते; मी सध्या हूडवर भागवतो आहे.