सव्वादोन लाखांची बॉडी, चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला ही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) मिररलेस कॅमेरा बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतली. चिपळूण-रत्नागिरी भागात लग्नाची कामं करतो. आतापर्यंत सत्तर हजारांच्या आसपास क्लिक झालेत.

फोटोबद्दल तक्रार नाही. हॉलच्या पिवळ्या उजेडात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 6400 पर्यंत चढवला तरी चेहऱ्याचा रंग टिकतो, डोळ्यावरचा फोकस हलत नाही. माझं म्हणणं आहे ते हाताला लागणाऱ्या भागांबद्दल.

बॉक्समध्ये चार्जर नव्हता, तो वेगळा घेतला. ते सोडून दिलं. आठव्या महिन्यात मेमरी कार्डाच्या झाकणावरचं, नेमकं अंगठा टेकतो तिथलं रबर सुटलं. दाबलं की बसतं, तासाभरात पुन्हा फुगतं. कड उचलली की आत चिकट काळा थर. खालचं मॅग्नेशियम जसंच्या तसं आहे. रबर धरून ठेवणारी चिकटपट्टी मात्र कोकणातल्या घामाला पुरली नाही.

मग मागचं डायल, शटरचा वेग बदलायचं. मे महिन्यात एका लग्नात मंगलाष्टका संपत आल्या होत्या. शटरचा वेग बदलायला एकच खटका फिरवला, डायल पाच-सहा खटके पुढे गेलं. त्याच क्षणी अंतरपाट दूर झाला आणि सगळ्या फ्रेम दोन स्टॉप, म्हणजे जवळपास चौपट, अंधाऱ्या आल्या. रॉ (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) मधून उजळल्या, पण नवरीच्या पिवळ्या अष्टपुत्रीवर दाणे आले ते आलेच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लगीनसराई उरकून सर्व्हिस सेंटरला गेलो, तर वॉरंटी संपून तीन आठवडे झाले होते. डायल सुटं मिळत नाही, मागचं अख्खं कव्हर बदलावं लागेल, अठरा हजार. एवढासा खटका झिजला म्हणून अख्खं कव्हर! खर्च नेमका कुठे वाचवलाय, ते मला तिथे कळलं.

कंपन्यांची अडचण खरी आहे. जपानी उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघटनेच्या आकड्यांनुसार 2010 साली 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, 2020 मध्ये 90 लाखांपेक्षा कमी. मोबाइलने खालचा बाजार खाल्ला. पण म्हणूनच, जो अजूनही लाखांनी मोजतो त्याच्या वस्तूत काटकसर नको. आणि मनात आणलं तर जमतंही. निकॉनने 2014 मध्ये डी600 या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या डागांसाठी वॉरंटी संपलेल्यांचेही कॅमेरे तपासून शटर फुकट बदलून दिले होते.

बाबांचा एफएम2, निकॉनचाच जुना फिल्म कॅमेरा, अजून कपाटात आहे. ते मॉडेल 1982 चं. बॅटरी काढली तरी शटर 1/4000 सेकंदापर्यंत चालतं, सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला. त्याची शटरची चकती आजही प्रत्येक आकड्यावर टक् करून बसते.

घ्यायची असेल तर आधी दुकानात डायल शंभर वेळा फिरवून बघा, वाढीव वॉरंटी घ्या. मी सध्या रबर डबल टेपने बसवलंय आणि शटरचा वेग पुढच्या डायलवर घेतलाय. तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतील, त्याआधी अठरा हजार भरून कव्हर बदलून घेणार आहे.