'ड्युटी प्रीपेड' म्हणून पैसे घेतले आणि भरलेच नाहीत: परदेशात चित्रं पाठवणाऱ्यांनी हे वाचाच

परदेशात चित्रं विकणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, विशेषतः जे आमच्यासारखे गॅलरीशिवाय, स्वतःच गिऱ्हाईक शोधून स्वतःच पार्सल करून पाठवतात त्यांच्यासाठी. कुरियर एजंट लोक सध्या 'डोअर टू डोअर, ड्युटी टॅक्स सगळं आमच्याकडे' असं सांगून पैसे घेतात आणि तिकडे तो टॅक्स भरतच नाहीत. माझ्याबाबतीत हेच झालं आणि नंतर विचारपूस केली तर आणखी दोन ओळखीच्या कलाकारांच्या बाबतीतही जवळजवळ असंच झालेलं निघालं, पण कुणी बोललं नव्हतं. म्हणून सगळं नीट लिहिते, थोडं लांबेल.

मी कोल्हापूरची, कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करते. रंकाळा, पंचगंगेचा घाट, जोतिबाची गुलालातली यात्रा असे विषय. इंग्लंडमधले एक मराठी डॉक्टर सुट्टीत आलेले असताना त्यांनी माझं काम बघितलं होतं, परत गेल्यावर त्यांनी तीन चित्रं ठरवली. किंमत दोन लाख, त्यातले एक लाख वीस हजार आगाऊ बँकेत आले, उरलेले चित्रं हातात पडल्यावर. त्यांनी एकच गोष्ट स्पष्ट विचारली होती, "ताई, इकडे कस्टमचं वेगळं काही द्यावं लागणार नाही ना? नाहीतर आधीच सांगा, मी धरून चालतो." मी म्हटलं विचारून सांगते, आणि इथून एजंटचा विषय सुरू झाला.

एजंट मुंबईचा, अंधेरीला ऑफिस, कलाकारांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नंबर मिळालेला. बोलायला एकदम गोड. त्यानं सांगितलं की मॅडम, यूकेला व्हॅट वीस टक्के आहे, तुम्ही तो इथंच भरून टाका, आम्ही डीडीपीनं पाठवतो, तुमच्या गिऱ्हाइकाला एक पैसा लागणार नाही, घरी नेऊन देणार. डीडीपी म्हणजे तिकडचा आयात कर पाठवणाऱ्यानं भरायचा. दुसरा प्रकार डीएपी, त्यात माल दारापर्यंत येतो पण कर घेणाऱ्यानं द्यायचा. हे दोन प्रकार मला माहीत होते म्हणूनच मी त्याच्याकडून मेसेजमध्ये लिहून घेतलं की डीडीपी आहे. चौदा हजार कुरियरचे आणि बेचाळीस हजार आठशे टॅक्सचे असे छप्पन्न हजार आठशे त्यानं घेतले. दोन लाख अधिक चौदा हजार, त्याचे वीस टक्के, हिशोब अगदी चोख मांडून पाठवला होता. त्याप्रमाणे मी डॉक्टरांना कळवलं की सगळं धरून किंमत आहे, तुम्हाला काही द्यायचं नाही.

आता यातली पहिली फसवणूक तर हिशोबातच होती. यूकेमध्ये हातानं काढलेल्या मूळ चित्रावर ड्युटी शून्य आहे आणि आयात व्हॅट ५ टक्के आहे, २० नाही. सगळ्या जगात कस्टम कोडचं ९७ वं प्रकरण कलाकृतींसाठी आहे, त्यातलं ९७०१ म्हणजे पूर्णपणे हातानं केलेली चित्रं, ड्रॉइंग, पेस्टल, आणि शंभर वर्षांच्या आतल्या चित्रांसाठी ९७०१.९१. माझ्या पार्सलवर खरा कर निघत होता दहा हजार सातशे रुपये. या माणसाचा धंदाच कलाकारांची पार्सलं पाठवायचा आहे, त्याला हे माहीत नाही असं कुणी सांगितलं तर मी तरी मानणार नाही.

दुसरी फसवणूक त्याहून मोठी. मी माझ्या बिलावर स्वच्छ लिहिलं होतं, ओरिजिनल अ‍ॅक्रिलिक पेंटिंग ऑन कॅनव्हास, कलाकाराचं नाव, साल, साइज, कोड ९७०१.९१, सोबत मीच काढलंय असं सहीचं पत्र. त्यानं ते बिल बाजूला ठेवून आपल्या ऑफिसात नवीन टाइप केलं, त्यात 'हँडमेड वॉल डेकोर', कोड दुसराच, आणि खाली माझी सही स्कॅन करून चिकटवलेली. का केलं असेल तर माझ्या अंदाजानं त्याच्याकडे सगळ्या मालाला तो एकच साचा असावा, वारली केलेले ट्रे असोत की कॅनव्हास असो. पण त्यामुळे तिकडे माझं चित्र हस्तकलेचा माल झालं आणि व्हॅट वीस टक्के लागला.

आणि तो वीस टक्केही त्यानं भरलाच नव्हता. एअरवे बिलावर, म्हणजे पार्सलसोबत जाणाऱ्या कुरियरच्या कागदावर, एक रकाना असतो, ड्युटी आणि टॅक्स कोण देणार, पाठवणारा, घेणारा की तिसरा कुणी. तिथं त्यानं 'घेणारा' टाकलं होतं. म्हणजे मला डीडीपीचे पैसे लावले आणि पार्सल डीएपीनं पाठवलं, मधले बेचाळीस हजार आठशे खिशात. मला एअरवे बिलाचा नुसता नंबर दिला होता, कॉपी मागितली तर म्हणे सिस्टीममध्ये आहे मॅडम, ट्रॅकिंग लिंकवर दिसतंय की सगळं. ट्रॅकिंग लिंकवर हा रकाना दिसत नाही.

डॉक्टरांना मेसेज गेला की पैसे भरा मग पार्सल देतो. त्यांनी तो फेक समजून सोडून दिला आणि यात त्यांचं काहीच चुकलं नाही, कारण तसले खोटे मेसेज जगभर सगळ्यांना येतात, पार्सल अडकलंय लिंक दाबा वगैरे. पार्सल डेपोत पडून राहिलं. शेवटी कुरियरचं कागदी पत्र आलं तेव्हा त्यांनी मला फोटो पाठवला, व्हॅट आणि वर कुरियरची हँडलिंग फी मिळून आपल्या पंचेचाळीस हजारांच्या आसपास रक्कम. खाली एकच ओळ, "ताई, तुम्ही म्हणालात सगळं धरून आहे." मला ती ओळ अजून आठवते आणि वाईट वाटतं. माणसानं विश्वासानं विचारलं होतं, मी विश्वासानं सांगितलं होतं, आणि मधल्या माणसानं दोघांनाही एकमेकांसमोर खोटं पाडलं.

एजंटला फोन केला तर आधी सिस्टीम एरर, मग यूकेमध्ये नियम बदलले, मग म्हणाला त्यांना आत्ता भरायला सांगा, आम्ही पंधरवड्यात परत करतो. मी ऐकत नाही म्हटल्यावर आवाज बदलला. "मॅडम, पार्टीनं भरलं नाही तर माल परत येईल, जाण्याचं भाडं गेलंच, येण्याचं भाडं आणि टॅक्सही तुमच्या नावावर पडेल, बघा काय ते." यातलं वाईट हे आहे की ही धमकी अर्धी खरी आहे. कुरियर कंपन्यांच्या अटींमध्ये असतंच, घेणाऱ्यानं कर नाकारला तर वसुली शेवटी पाठवणाऱ्याकडून. म्हणजे रकान्यात 'घेणारा' लिहिलं तरी तुम्ही सुटत नाही. कुरियरचं खातं एजंटचं असलं की कंपनी त्याच्याकडे मागणार आणि तो तुमच्याकडे. आणि माल परत आला की आपल्या कस्टममध्ये दाखवावं लागतं की हा आपलाच गेलेला माल आहे. भारतातून गेलेला माल तीन वर्षांच्या आत परत आला तर ड्युटीत सवलत आहे, ४५/२०१७ नंबरचं नोटिफिकेशन, पण त्यासाठी गेलेला आणि आलेला माल एकच आहे हे कागदावर जुळायला पाहिजे. माझ्या शिपिंग बिलात, म्हणजे आपल्या कस्टमला दिलेल्या एक्स्पोर्टच्या कागदात, तर 'वॉल डेकोर' होतं, आत निघणार जोतिबा. मी कुरियर कंपनीला थेट फोन केला तर ते म्हणाले खातं तुमचं नाही, आम्ही बोलू शकत नाही, खातेदाराला मेल करायला सांगा. खातेदार म्हणजे तोच.

शेवटी डॉक्टरांनी आणि मी ठरवलं की पार्सल परत येऊ द्यायचं नाही. त्यांनी तिकडे रक्कम भरली, चित्रं सोडवून घेतली आणि उरलेल्या ऐंशी हजारांतून ते पंचेचाळीस वजा करून पस्तीस मला पाठवले. मीच तसं करायला सांगितलं, शब्द माझा होता. तर एकाच पार्सलच्या टॅक्सपोटी माझे एकदा बेचाळीस हजार आठशे आणि एकदा पंचेचाळीस हजार गेले, जिथं खरं द्यायचं होतं दहा-अकरा हजार. वर बँकेतून विचारणा आली की शिपिंग बिल दोन लाखाचं आणि परदेशातून आले एक लाख पंचावन्न, बाकीचे कुठे? एक्स्पोर्टचा प्रत्येक रुपया बँकेला जुळवावा लागतो, ती नोंद उघडी राहिली की पुढच्या पार्सलला त्रास. त्याबद्दलचं पत्र, तिकडच्या पावतीची कॉपी असं सगळं दिलं.

एक गोष्ट चांगली आहे, यूकेत जास्त भरलेला आयात कर परत मागता येतो, सी २८५ नावाचा अर्ज असतो. डॉक्टरांनी माझं खरं बिल, सहीचं पत्र आणि चित्रांचे मागून-पुढून फोटो लावून तो केलाय. मिळाले तर पाच आणि वीस टक्क्यांमधला फरक मिळेल, कुरियरची फी नाही.

आता यातून जे कळलं ते सांगते, कुणाचे तरी पैसे वाचतील. पार्सल देताना एअरवे बिलाची पूर्ण कॉपी हातात आल्याशिवाय टॅक्सचे पैसे देऊ नका, आणि त्यात ड्युटीचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर डीडीपी लिहून घेतलेलं कुरियर कंपनी बघत नाही, ती फक्त तो रकाना बघते. कस्टमला जाणारं बिल आणि शिपिंग बिल पण जाण्याआधी मागा, वर्णन आणि कोड तपासा. आणि खरोखर टॅक्स भरला असेल तर तिकडच्या कस्टमच्या आकारणीची कॉपी निघतेच, ती देणार का हे आधी विचारा, या एका प्रश्नावर किती एजंट गडबडतात बघा. शक्य असेल तर कुरियर कंपनीत स्वतःचं खातं काढा. आयईसी, म्हणजे एक्स्पोर्टसाठी लागणारा कोड, डीजीएफटी या सरकारी परदेशी व्यापार खात्याच्या साइटवर पाचशे रुपयांत मिळतो, पॅनवरच असतो, त्याला एजंट लागत नाही. पोस्टातूनही डाक घर निर्यात केंद्रावरून एक्स्पोर्ट करता येतं. विकलेला माल कुरियरनं पाठवताना सीएसबी ५ लागतं, सीएसबी म्हणजे कुरियरच्या मालाचं शिपिंग बिल. सीएसबी ४ हे भेटवस्तू आणि सँपलसाठी आहे, त्यात घालून देतो स्वस्तात असं कुणी म्हटलं तर घालू नका, आणि गिऱ्हाईक 'गिफ्ट' लिहा म्हणालं तरी लिहू नका. खोटं डिक्लरेशन तुमच्या सहीनं जातं, आणि रस्त्यात चित्र फाटलं तर भरपाई त्या खोट्या कमी किमतीवरच मिळते.

दर देशागणिक वेगळे आहेत, म्हणून 'फॉरेनला एवढा टॅक्स' असं सरसकट कुणी सांगितलं की सावध व्हा. जर्मनीत मूळ चित्रावर ७ टक्के, फ्रान्समध्ये साडेपाच, ऑस्ट्रेलियात जीएसटी १० टक्के आणि तिथं कलेला वेगळी सूट नाही. अमेरिकेचं तर २०२५ मध्ये फारच गोंधळाचं झालं. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलची सूट २९ ऑगस्टपासून बंद झाली, आपल्या पोस्टानं त्याआधीच बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं ते ऑक्टोबरच्या मध्यात परत सुरू केलं, आणि भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ आला. या गोंधळात एजंटांनी सगळ्यांना पन्नास टक्के लावून पैसे घेतले. डहाणूकडच्या एका वारली चित्रकार ओळखीच्या आहेत, त्यांच्याकडूनही कापडावरच्या चित्रांसाठी पन्नास टक्के घेतले. पण ९७०१ मधली हातानं काढलेली चित्रं त्या टॅरिफमधून वगळलेली होती! पिशव्या, ट्रे, छापील कार्डं यांना लागत होता, मूळ चित्राला नाही. त्यांचे पैसे कुठे गेले हे त्यांना आजपर्यंत कुणी दाखवलेलं नाही, आणि त्या बाईंना इंग्रजी कागद वाचायला मुलाची वाट बघावी लागते. याचा मला स्वतःच्या नुकसानापेक्षा जास्त राग येतो.

माझी तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर आणि सायबर पोर्टलवर नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. पोलीस स्टेशनला आधी म्हणाले हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. मग मी चिकटवलेल्या सहीचं बिल आणि माझं मूळ बिल शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा अर्ज घेतला. वकिलाची नोटीस गेल्यावर एजंटनं दहा हजार पाठवले आणि 'विषय मिटवू' असा मेसेज केला. मी मिटवलेला नाही, तसं लेखी कळवलंय. त्यानं टॅक्सच्या पैशांचं जीएसटी बिल दिलेलं नाही, नुसती पावती आहे 'ड्युटी प्रीपेड' शिक्का मारलेली. असा शिक्का मारलेली पावती आणखी कुणाकडे असेल आणि तिकडे गिऱ्हाइकाला परत टॅक्स भरावा लागला असेल तर मला मेसेज करा. एकापेक्षा जास्त अर्ज आले तर एकत्र जोडता येतील असं तपास अधिकाऱ्यांनी सांगितलंय. पावती, एअरवे बिलाचा नंबर आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट एवढं पुरे.