सोळाशेचं वाय-फाय कार्ड : आठ महिन्यांनंतर

आमच्याकडे फायबर आलं ते खालच्या सोप्यात. राउटर तिथंच, टीव्हीच्या वर खिळ्याला. माझा डेस्कटॉप माडीवर, जिन्याच्या पलीकडच्या खोलीत. मधे एक स्लॅब आणि दोन भिंती. केबल वर न्यायचा विषय काढला की आबा म्हणायचे, "रंग देऊन वर्ष झालं नाही, आणि तू भोकं पाडणार?" विषय तिथंच मिटायचा.

माझं काम डीटीपीचं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, क्वचित एखादा दिवाळी अंक. अहवालाची प्रेसला जाणारी पीडीएफ सहज दोनशे-अडीचशे एमबीची होते. हे सगळं मी नखाएवढ्या, यूएसबीला खोचायच्या वाय-फाय डोंगलवर दोन वर्षं ओढलं. खोक्यावर १५० एमबीपीएस छापलेलं, प्लॅन १०० चा, आणि हातात पडायचे पंधरा-वीस, तेही पहाटे. तो डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालायचा आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतो. वर आणखी एक गंमत. शेजारच्या यूएसबी ३ पोर्टला हार्ड डिस्क लावून बॅकअप सुरू केला की नेट मेलंच. यूएसबी ३ ची वायर आणि पोर्ट चालू असताना २.४ च्या आसपासच गोंगाट करतात, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी इंटरनेटवाल्याला शिव्या घालत होतो.

गेल्या जूनमध्ये, अहवालांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, डेस्कटॉपच्या आत बसवायचं वाय-फाय कार्ड मागवलं. सोळाशेच्या आत-बाहेर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हेच कार्ड चार-पाच नावांनी विकलं जातं. हिरव्या-काळ्या पट्टीवर एक छोटं मॉड्यूल बसवलेलं असतं आणि खरा माल तेवढाच. माझ्या कार्डात इंटेलचं एएक्स२०० मॉड्यूल आहे. घेताना बघायचं ते हे. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच, पण ते इंटेलच्याच ठरावीक नव्या मदरबोर्डांवर चालतात, असल्या पट्टीवर बसवून आपल्या जुन्या मशिनमध्ये नाही. सुटं मॉड्यूल स्वस्तात मिळालं म्हणून घेणारे इथंच फसतात. दुसरं म्हणजे एएक्स२०० चा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ६४ बिट विंडोज १० पासून पुढे. अजून ३२ बिटवर असाल तर नाद सोडा. कार्डावर उष्णता घालवायला तांबडा हीटसिंक लावलाय, तो शोभेचा असावा. हात लावला तर कोमटही लागत नाही.

माझं मशीन इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचं, मदरबोर्ड एच८१. त्यावर पीसीआय एक्सप्रेसचा छोटा एक्स१ स्लॉट मोकळा होता. ग्राफिक्स कार्ड जाड असेल तर नेमका हाच स्लॉट त्याच्या पोटाखाली जातो, तेव्हा मागवण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. बसवायला खरं म्हणजे दहा मिनिटं पुरतात. मला तास लागला. अर्धा तास धूळ काढण्यात, आणि उरलेला कॅबिनेटच्या मागं स्लॉटचं तोंड झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीपायी. स्वस्त कॅबिनेटात ती स्क्रूवर नसते, पत्र्यालाच चिकटलेली असते. पक्कडीनं पुढं-मागं हलवून तोडावी लागली आणि अंगठा कापला. बाकी नेहमीचंच. विजेची पिन काढायची, बटण दाबून उरलासुरला करंट घालवायचा, एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पत्र्याला हात लावायचा, मग कार्ड सरळ दाबायचं.

मशीन सुरू केलं तर नेट नाही. ड्रायव्हर पाहिजे, आणि ड्रायव्हर नेटवर. खोक्यात सीडी होती, माझा सीडी ड्राइव्ह बंद पडून पाच वर्षं झाली. फोन केबलनं जोडला, यूएसबी टेदरिंगनं फोनचंच नेट मशिनला दिलं, ड्रायव्हर उतरवला. वाय-फाय लागलं. ब्लूटूथ मात्र कुठंच दिसेना.

दोन दिवस मी कार्डच खराब समजत होतो आणि परत पाठवायचं खोकंही भरून ठेवलं होतं. त्या खोक्यात तळाशी एक वीतभर वायर सापडली. या कार्डांचं वाय-फाय स्लॉटमधून चालतं, पण ब्लूटूथ यूएसबीवरून. त्यासाठी ती वायर बोर्डावरच्या नऊ पिनांच्या यूएसबी २ जोडणीला (हेडरला) लावावी लागते. पिनांच्या दोन ओळी, एका कोपऱ्यातली पिन नसते, वायरीच्या टोकालाही तिथलं भोक बुजवलेलं असतं. उलटी बसतच नाही. खोक्यातल्या कागदावर याबद्दल एक अक्षर नव्हतं. हे कार्ड घेणाऱ्यांपैकी किती जणांचं ब्लूटूथ 'खराब' असेल देव जाणे.

आता वेगाचं. पहिल्या दिवशी पन्नासच्या पुढं जाईना. कार्डाला दोन अँटेना थेट मागे फिरवून लावायच्या होत्या. म्हणजे टेबलाखाली, भिंत आणि पत्र्याचं कॅबिनेट यांच्या मधल्या चार बोटांच्या फटीत. आता मी ज्यावर आलो ती ५ गिगाहर्ट्झची लाट आधीच भिंतीला दमते, तिला वर पत्रा ओलांडायला लावला. सिग्नल ४८ टक्के. मग तीनशे रुपयांचा वायरवाला, चुंबकाच्या बैठकीचा अँटेना घेऊन टेबलावर जिन्याकडच्या कोपऱ्यात ठेवला. ७८ टक्के, आणि प्लॅनचे पूर्ण शंभर. माझा राउटर जुना, वाय-फाय ५ चा, त्यामुळे कार्ड आणि राउटरमधली लिंक जास्तीत जास्त ८६७ एमबीपीएस दाखवते. वाय-फाय ६ चं कार्ड लावलं म्हणून राउटर तरुण होत नाही. पण अडीचशे एमबीची फाइल वर चढवायला आधी चारेक मिनिटं लागायची, ती आता पंचवीस सेकंदांत जाते. मला एवढंच हवं होतं. सुटा अँटेना कार्डासोबत देणारेही आहेत. दीड-दोनशे जास्त पडले तरी तोच घ्या.

दिवाळीच्या साफसफाईनंतर नेट पुन्हा रडायला लागलं. मी तक्रार नोंदवली, माणूस आला, राउटर तपासला, वर आला, टेबलामागं वाकला आणि अँटेना उचलून माझ्या हातात दिला. झाडताना पडला होता. चहा पाजून पाठवलं.

जानेवारीत एकदा सकाळी कार्ड मशिनला दिसेचना. काढलं, सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, परत बसवलं, दिसलं. तेव्हापासून त्रास नाही. याच सुमारास विंडोजऐवजी चालणारं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि माझं आय३ विंडोज ११ च्या यादीत नाही. मिंटमध्ये ड्रायव्हर न टाकता वाय-फाय लागलं. पण मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक तिकडं चालत नाही, त्यामुळे पोटापाण्यासाठी विंडोजच.

ब्लूटूथवर हेडफोन गाण्यांना छान. त्याच हेडफोनचा माइक चालू केला की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो, तो बहुतेक ठिकाणी होतो. ब्लूटूथ कीबोर्ड घेतलात तरी वायरवाला फेकू नका, विंडोज सुरू होण्याआधीच्या बायोसमध्ये ब्लूटूथवाला चालत नाही. आणि गेमचं विचाराल तर भाचा सुट्टीत आला तेव्हा कुरकुरला. राउटरपर्यंतचा पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, एरवी दोन-तीन मिलिसेकंद, मधेच साठ-सत्तरवर उडी मारतो. "मामा, वायर टाक ना." मी त्याला आबांकडं पाठवलं.

जुना डोंगल आता मेहुण्याच्या मशिनला आहे आणि त्यालाही कार्ड घ्यायचंय. म्हटलं, आधी कॅबिनेट उघडून मोकळ्या स्लॉटचा फोटो पाठव. त्यानं पाठवला तो रॅमच्या स्लॉटचा. रविवारी पक्कड घेऊन मीच जाणार आहे.